शर्लीचा वाडा

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटची गर्दी सोडून मागच्या गल्ल्यांत शिरले की थोड्याच वेळात मँचेस्टर स्क्वेअर लागतो. तिथल्या हर्टफर्ड हाउस या जुन्या सरदारी वाड्यात वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय आहे. फ्रागोनारची झोक्यावरची तरुणी, फ्रान्स हाल्सचा हसरा सरदार, बूशेने रंगवलेली मादाम द पॉम्पादूर, फ्रान्समधल्या सेव्हरची पोर्सेलीनची भांडी आणि युरोपापासून हिंदुस्थानापर्यंतची शस्त्रे व चिलखते असा हा मूळ संग्रह विनामूल्य पाहता येतो. तळघरातल्या दालनांत भरणाऱ्या विशेष प्रदर्शनांना मात्र तिकीट पडते. २८ मार्च ते २६ ऑक्टोबर २०२५ या काळात तिथे ग्रेसन पेरी यांचे ‘डिल्यूजन्स ऑफ ग्रँडर’ हे प्रदर्शन भरले होते.

पेरी हे मूळचे कुंभकलेतले. मातीच्या घटांवर आजच्या ब्रिटनच्या बोचऱ्या गोष्टी रंगवणाऱ्या या कलावंताला २००३ साली ब्रिटनमधला समकालीन कलेचा टर्नर पुरस्कार मिळाला. वॉलेस संग्रहातला झालरी-महिरपींचा, सोनेरी मुलाम्याचा, अठराव्या शतकातल्या फ्रान्सचा रोकोको थाट आपल्या पठडीतला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. मग न आवडणाऱ्या वस्तूंवर काम करायचे कसे? पेरींनी शर्ली स्मिथ नावाची एक कलावती कल्पिली. हलाखीत आणि मनोविकारात आयुष्य गेलेली ही बाई मनाशी पक्के धरून बसली आहे की आपण ‘ऑनरेबल’ ही सरदारघराण्यातली उपाधी लावणाऱ्या ‘ऑनरेबल मिलिसेंट वॉलेस’ आहोत आणि हा वाडा आपल्याच वारशाचा आहे. प्रदर्शनातल्या सुमारे चाळीस नव्या कामांपैकी काही शर्लीच्या नावावर आहेत, काही पेरींच्या, आणि काहींपुढे उभे राहिल्यावर नेमके कोण बोलते आहे हे ठरवणे कठीण जाते.

ही नुसती थट्टा वाटली असती, पण तिच्या पायाशी खऱ्या दोन स्त्रिया आहेत आणि त्यांची चित्रेही इथे मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात संग्रह सुरक्षित जागी हलवल्यावर १९४२ साली याच वाड्यात एक प्रदर्शन झाले होते, आणि त्यात मॅज गिल या लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या स्त्रीची चित्रे होती. गिल यांचा जन्म अनौरस, बालपण अनाथाश्रमात, आणि आपला हात ‘मिर्निनरेस्ट’ नावाचा आत्मा चालवतो अशी त्यांची श्रद्धा. कापडाच्या लांबच लांब पट्ट्यांवर शाईच्या बारीक रेघांत पुन्हा पुन्हा उमटणारे त्यांचे बायकांचे चेहरे पाहताना मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. दुसरी स्वित्झर्लंडची अलोईज कोर्बाझ. जर्मनीच्या कैसरच्या दरबारी नोकरीला असताना त्याच्यावर मनातल्या मनात जीव जडलेली ही बाई पुढे आयुष्यभर मनोरुग्णालयात राण्या आणि राजेशाही प्रणय रंगवत राहिली. या दोघींच्या शेजारी शर्ली खोटी वाटत नाही, किंचित फिकी मात्र वाटते. हाताला वेड लागल्यासारखी गिल यांची रेघ आणि वेडाचे सोंग घेणारी पेरींची सफाईदार रेघ यांतले अंतर लपत नाही.

तरीही पेरींच्या कल्पनेला एक आधार असा आहे की तो फलकांवर मोठ्या अक्षरांत असायला हवा होता. ज्याच्या नावाने हे संग्रहालय चालते तो रिचर्ड वॉलेस १८१८ साली रिचर्ड जॅक्सन या नावाने जन्मला. तो चौथ्या मार्क्वेस ऑफ हर्टफर्डचा, म्हणजे हर्टफर्ड घराण्यातल्या सरदाराचा, अनौरस मुलगा असावा असे मानले जाते, पण मार्क्वेसने ते कधी कबूल केले नाही. त्याला आपला चिटणीस म्हणून जवळ ठेवले, आणि १८७० मध्ये मरताना हा अफाट संग्रह त्याच्या नावे केला. म्हणजे ‘हा वाडा माझा’ असे म्हणणारा, वंशावळीत ज्याची जागा रिकामी आहे असा माणूस इथे शर्लीच्या आधी खरोखरच राहून गेला आहे. संग्रहातल्या लघुचित्रांमधल्या चेहऱ्यांना शर्लीचे नातलग ठरवून आणि प्रत्येकाला एकेक मनोविकार चिकटवून पेरींनी जो वंशवृक्ष रचला आहे, तो या पार्श्वभूमीवर पाहिला की नुसता विनोदी राहत नाही.

इतर कामांचे मोल सारखे नाही. शर्लीच्या नावावरची, कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडीसारखी चादर मनात घर करते, कारण ऊब आणि पसारा या दोन्हींचे नाते तिथे हाताने टाचलेले दिसते. संगणकावर रेखाटून यंत्रमागावर विणलेल्या भल्या मोठ्या टॅपेस्ट्री मात्र लांबूनच दिपवतात. शर्लीच्या वेदनेशेजारी पेरींची नेहमीची मिश्किली सारखी डोकावते आणि काही ठिकाणी तिला बोलूच देत नाही.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने जुन्या संग्रहाच्या शेजारी आजचे कलावंत मांडून पाहिले आहेत, त्यामुळे मुंबईकर प्रेक्षकाला ही रीत परकी वाटणार नाही. हर्टफर्ड हाउसमध्ये तिला एक कायदेशीर टोकही आहे. वॉलेसच्या विधवेने १८९७ साली संग्रह राष्ट्राला देताना तो कायम एकत्र ठेवावा आणि त्यात दुसऱ्या कलावस्तू मिसळू नयेत अशी अट घातली. ऑक्टोबरअखेर प्रदर्शन आवरले तेव्हा त्या अटीबरहुकूम शर्लीची चादर, चित्रे आणि वंशवृक्ष यांनाही त्या वाड्यातून बाहेर पडावे लागले.