कुटुंबासाठी लोकेशन ॲप निवडताना: किती वेळ, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या नजरेसमोर

घरातले माणूस सुखरूप पोहोचले की नाही, एवढे कळावे म्हणून आपण लोकेशन दाखवणारे ॲप शोधू लागतो आणि शोधता शोधता अहोरात्र एकमेकांचा ठावठिकाणा दाखवणारी सोय घरात आणून ठेवतो. गरज आणि साधन यांत जितकी तफावत अधिक, तितका विश्वासाला धोका अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पुढील तुलना मी तीन प्रश्नांच्या आधारे केली आहे: लोकेशन किती वेळ दिसते, ज्याचे दिसते त्याला ते स्वतः बंद करता येते का, आणि घरच्यांखेरीज ते आणखी कोणाच्या हाती पडते.

काळजी एखाद्या प्रवासापुरती असेल, तर व्हॉट्सॲपवरील लाइव्ह लोकेशन पुरेसे आहे. 2017 मध्ये आलेल्या या सोयीत 15 मिनिटे, 1 तास आणि 8 तास असे तीनच पर्याय समोर येतात. कायमचे सुरू ठेवण्याची मुभाच नाही. मुदत संपली की शेअरिंग आपोआप थांबते, मध्येच थांबवायचे झाल्यास त्याच चॅटमध्ये थांबवता येते, आणि ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्यामुळे कंपनीलाही वाचता येत नाही. प्रत्येक प्रवासाला आठवणीने सुरू करावे लागते, ही तक्रार खरी आहे. परंतु दर वेळी सुरू करणे म्हणजे दर वेळी नव्याने संमती देणे, म्हणून ही गैरसोय मी आनंदाने पत्करेन.

दोघांकडेही आयफोन असतील, तर आयओएस 17 पासून मेसेजेसमध्ये मिळणारी ‘चेक इन’ ही सोय मूळ गरजेच्या सर्वांत जवळ जाते. पोहोचण्याचे ठिकाण सांगून निघाले की पोहोचल्यावर जवळच्या व्यक्तीला आपोआप कळते. वाटेत अनपेक्षित खोळंबा झाला, तर फोन आधी प्रवास करणाऱ्यालाच विचारतो आणि 15 मिनिटांत उत्तर आले नाही, तरच लोकेशन, बॅटरी व नेटवर्कची स्थिती पलीकडे कळवतो. सारे सुरळीत असताना कोणीही कोणावर नजर ठेवत नाही, हा या रचनेतील सर्वांत चांगला भाग आहे.

गूगल मॅप्समधील लोकेशन शेअरिंग आणि ॲपलचे ‘फाइंड माय’ यांची निवड बहुधा घरातल्या फोनवरूनच ठरते: पहिले अँड्रॉइड व आयफोन दोहोंवर चालते, दुसऱ्याला दोन्ही बाजूंना ॲपलची उपकरणे लागतात. दोन्हींत मर्यादित मुदत निवडता येते, पण बंद करेपर्यंत सुरू ठेवण्याचा पर्यायही आहे, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. एकदा दिलेली परवानगी विसरली जाते, आणि घरातली दुसरी व्यक्ती मात्र रोज नकाशा उघडून पाहत राहते. शिवाय नकाशावरील ठिपका नेहमी खरे सांगत नाही. इमारतीच्या आत किंवा तळघरात उपग्रहांचे संकेत क्षीण होतात, फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर जाऊन बसतो; कधी तो काही वेळापूर्वीचाच असतो आणि तसे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. ते न वाचताच ‘तू तिथे काय करत होतास?’ हा प्रश्न विचारला गेला, तर उत्तर देणाऱ्याला आपल्या खरेपणाचा पुरावा द्यावा लागतो. असे वारंवार झाले की मुले ठावठिकाणा लपवायला शिकतात.

लाइफ360 सारख्या खास कौटुंबिक ॲपमध्ये गाडीचा वेग, अपघाताची सूचना, ठरलेल्या ठिकाणी आल्या-गेल्याची खबर असे बरेच काही मिळते, आणि नुकतीच गाडी चालवू लागलेल्या मुलांच्या पालकांना त्याचा उपयोगही होतो. परंतु तिसऱ्या प्रश्नावर हे ॲप माझ्या दृष्टीने मागे पडते. डिसेंबर 2021 मध्ये ‘द मार्कअप’ने प्रसिद्ध केलेल्या वृत्तातून ही कंपनी वापरकर्त्यांचे नेमके लोकेशन सुमारे डझनभर डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांच्या माहितीची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपन्यांना, विकत असल्याचे उघड झाले. त्यानंतर कंपनीने बहुतेक विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले, मात्र वाहनचालकांच्या माहितीवर काम करणाऱ्या अ‍ॅरिटीशी असलेला व्यवहार त्यातून वगळला. नावे काढून माहिती देतो, या आश्वासनावरही विसंबून राहू नये: 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर आधारलेल्या 2013 मधील एका अभ्यासात ठिकाण आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू 95 टक्के लोकांना वेगळे ओळखण्यास पुरेसे ठरले होते. तरीही हे ॲप घ्यायचे ठरले, तर माहितीच्या विक्रीसंबंधीचे सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करावे आणि त्यातील ‘बबल्स’ ही सोय मुलांना स्वतः दाखवावी; तिच्यामुळे काही तासांपुरते नेमके ठिकाण न दिसता फक्त ढोबळ परिसर दिसतो.

लहान मुलांच्या फोनसाठी गूगलचे फॅमिली लिंक ठीक आहे. तेथे नियंत्रण पालकांच्या हाती असते, पण आपल्या फोनवर देखरेख आहे हे मुलाला दिसते. फोनमध्ये लपून राहणारी ॲप्स मात्र कोणत्याही कारणासाठी घेऊ नयेत. 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या कंपनीला असा पाळतीचा धंदा करण्यास बंदी घातली, ती अशाच चोरट्या नजरेमुळे.

माझी निवड विचाराल, तर प्रौढांसाठी प्रवासापुरते शेअरिंग आणि किशोरवयीन मुलांसाठी त्यांच्यासोबत बसून ठरवलेल्या वेळांपुरतेच गूगल मॅप्स किंवा फाइंड माय. विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी अखंड लोकेशन योग्य ठरू शकते, पण ते काळजी घेणाऱ्या एक-दोघांनाच दिसावे. कोणताही पर्याय निवडला तरी फोनच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी’ ही लोकेशन परवानगी त्या एकाच ॲपला द्यावी आणि इतरांची काढून घ्यावी. हवामान किंवा खरेदीच्या ॲपला ‘वापरताना’ एवढीच परवानगी पुरते.