‘वेव्ह प्लस’ सांगून नकली माल. ९,६८० रुपये गेले. घेण्याआधी हे पाहा

राजेहो, आकडे आधी मांडतो. ‘ओरिजिनल, थोडा वापरलेला’ लेदरमन वेव्ह प्लस, म्हणजे पकड, पाती, सगळी हत्यारं एकातच असलेलं घडीचं मल्टिटूल, ६,८०० रुपये. ९१ मिलिमीटरच्या स्विस चाकूच्या मुठीला दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या टायटॅनियमच्या पट्ट्यांची जोडी, १,९००. त्याचे खास स्क्रू खोलायच्या सिक्युरिटी टॉर्क्स बिटांचा संच, ४५०. कुरिअर, १८०. आणि ‘माल परत घेतो’ म्हणून वर उकळलेले ३५०. झाले ९,६८० रुपये. यातली एकही वस्तू सांगितली तशी निघाली नाही. बिटंसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या महागाची हौस करायची कशाला? आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात ही हौस नाही. ड्रिपच्या नळीतला कचरा काढायचा, फवारणी पंपाचं नोझल खोलायचं, मोटारीच्या स्टार्टरचा स्क्रू आवळायचा, कुंपणाची तार पिळायची, हे सगळं बांधावर उभं राहून करावं लागतं. तिथं पेटी घेऊन कोण जातं? तालुक्याच्या बाजारात हे हत्यार मिळत नाही. नवं घ्यायचं तर याच्या दुपटीहून जास्त पैसे लागतात. म्हणून वापरलेलं, आणि म्हणून ऑनलाइन. यात लोभ नव्हता.

फसवायची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. फोटो टाकायचे, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय दादा’ म्हणायचं, निम्मे आधी, निम्मे पार्सल निघण्याआधी. पण हा माणूस नुसता बोलबच्चन नव्हता. पात्यांच्या मधे ब्राँझचे पातळ वॉशर असतात, ते उलटसुलट बसले की पातं घासतं, हे त्याला ठाऊक होतं. पिव्हटला, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या स्क्रूला, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं, लाल नाही, कारण लाल लावलं तर पुढच्या वेळी गरम केल्याशिवाय उघडत नाही, हेही त्यानंच सांगितलं. असं बोलणाऱ्या माणसावर कोण शंका घेईल? उलट आता सांगतो, विकणारा जितकं बारीक बोलेल तितकी त्याच्या मालाची बारीक तपासणी करा.

शंका घ्यायची जागा एकच होती आणि ती फोटोतच होती. हे लिहिताना आजही डोकं तापतं.

वेव्ह प्लस २०१८ मध्ये आला. जुन्या वेव्हमध्ये आणि त्याच्यात मुख्य फरक पकडीच्या तार कापणाऱ्या कडांचा. जुन्यात त्या जबड्याचाच भाग होत्या. प्लसमध्ये वेगळ्या बसवलेल्या, बदलता येणाऱ्या. पकड उघडली की जबड्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू स्पष्ट दिसतात. त्याच्या तिसऱ्या फोटोत पकड उघडी होती. कडा दिसत होती, चकाकत होती, आणि स्क्रू नव्हता. स्क्रूच्या जागी नुसता गोल खड्डा, साच्यातून आलेला. मी विचारलं. तो म्हणाला, ‘दादा, पहिल्या लॉटचा आहे, त्यात आतून बसवायचे.’ खरं वाटावं असंच हे उत्तर. कंपन्या लॉटलॉटला बारीक बदल करतात, हे या वस्तूंशी खेळणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पण आतून बसवलेला स्क्रू बाहेरून बदलणार कसा? हा एक प्रश्न विचारला असता तर व्यवहार तिथंच तुटला असता. पैसे टाकायच्या आधी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहा. ‘लॉट वेगळा’ हे उत्तर आलं की फोन ठेवा.

पार्सल आलं. सोनाराच्या काट्यावर २१८ ग्रॅम भरलं. खऱ्या वेव्ह प्लसचं वजन २४१ ग्रॅम असतं. वापरानं मल्टिटूल २३ ग्रॅम झिजत नाही.

मग खोलायला घेतलं. खऱ्या हत्याराच्या हँडलला सिक्युरिटी टॉर्क्स असतो, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीच्या मधोमध एक टोचा उभा असतो. साधं टॉर्क्स बिट त्या टोच्यावर अडतं; मधे भोक असलेलंच लागतं. एका बाजूनं बिट घालून धरायचं, दुसऱ्या बाजूनं फिरवायचं, कारण तो बोल्ट आणि नट असा जोड असतो. एकच बाजू फिरवली तर दोन्ही सोबत गरागरा फिरतात. थ्रेडलॉक घट्ट असेल तर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक डोक्यावर अर्धा मिनिट टेकवायचं, की सुटतो. जोर करायचा नाही, चांदणी चेपली की खेळ संपला. मी सगळं तसंच केलं. पण फिरेचना. थोडा जोर वाढवला तर चांदणीच्या कडा मेणासारख्या दबल्या. भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं: ती चांदणी कोरलेली नव्हती, ठशानं दाबलेली होती. टोचाही त्याच दाबातला. तीन मिलिमीटरच्या ड्रिलनं डोकं काढलं तर खाली सरळ गुळगुळीत पिन. आटे नाहीत, नट नाही. रिव्हेट ठोकून त्याच्या डोक्याला स्क्रूचं सोंग दिलेलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. रिव्हेट दिसला म्हणजे नकली, असं सरसकट नाही. पकडीच्या दोन जबड्यांना जोडणारा मधला रिव्हेट खऱ्यातही असतो आणि तो उघडायच्या भानगडीत पडायचं नसतं. १९८३ पासून आलेल्या लेदरमनच्याच पीएसटीसारख्या जुन्या मॉडेलचे सांधेसुद्धा रिव्हेटचेच. पण वेव्ह प्लसच्या हँडलला रिव्हेट म्हणजे नकलीच. विकणाऱ्याला सांगा, बिट लावून पाव फेरा सैल करून परत आवळ, आणि तेवढाच व्हिडिओ पाठव. खरा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

आत वॉशर नव्हते. तो ज्या वॉशरवर इतकं बोलला होता ते ब्राँझचे वॉशर नव्हतेच. पातं थेट पत्र्यावर घासत होतं, आणि काळी पूड निघत होती. पात्यावर कानस फिरवून पाहिली. खऱ्या पात्याच्या कडक केलेल्या ४२०एचसी पोलादावर कानस सरकते, दात धरत नाही. इथं तिनं सहज चरा पाडला. अशा पात्याला वीस अंशांवर कितीही धार लावा, ड्रिपच्या चार नळ्या कापल्या की गेली. लोहचुंबक लावून पाहू नका, त्यानं काही सिद्ध होत नाही. नकली पातंही चिकटतं. आणि पकडीनं बायंडिंगची तार पिळताना डाव्या जबड्याचं टोकच तुटलं. तुटलेल्या जागी राखेसारखे जाड, करडे दाणे. ओतकाम, तेही वाईट.

पट्ट्यांची गोष्ट याहून चीड आणणारी. टायटॅनियमच्या पट्ट्या घ्यायचं कारण रंग. टायटॅनियमला घरी रंग देता येतो, आणि तो रंग नसतोच, वरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी असते. धुण्याच्या सोड्याचं पाणी, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २७ व्होल्ट, धन टोक पट्टीला, ऋण टोक स्टीलच्या चमच्याला, दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात. काही सेकंदांत निळा. दोन बॅटऱ्यांवर जांभळटाकडे झुकतो, एकीवर फिकट सोनेरी. हातात रबरी मोजे, आणि पट्टी आधी तेलाचा अंश न ठेवता धुतलेली, नाहीतर बोटांचे ठसे निळ्यात कायमचे उमटतात. मी पट्टी बुडवली. निळा आला नाही. बुडबुडे सुटले आणि पट्टी काळपट, खरखरीत झाली.

अॅल्युमिनियम. खात्री करायला दोन्ही पट्ट्या काट्यावर ठेवल्या: १९ ग्रॅम. बारीक खुणांच्या मोजमापाच्या नळीत बुडवल्या तर पाणी ७ मिलिलिटर चढलं. १९ भागिले ७, म्हणजे २.७, अॅल्युमिनियमची घनता. टायटॅनियमची साडेचार आहे. तेवढ्याच आकाराच्या जोडीचं वजन ३१ ग्रॅमच्या पुढं गेलं असतं. घरी नळी नसेल तर वेल्डिंगवाल्याकडे जा आणि पट्टीचा आतला कोपरा ग्राइंडरला नुसता टेकवा. टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या असतात. अॅल्युमिनियमला ठिणगीच नाही, नुसता चाकाला चिकटतो. चष्मा घालूनच. शिवाय या पट्ट्यांची आतली भोकं चाकूच्या पितळी पिनांच्या टोकांवर बसतच नव्हती. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे, म्हणून चाकू हातात डगडगत होता. मूळच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढताना कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून बोथट पातळ पात्यानं कडेकडेनं उचलायच्या म्हणजे तडकत नाहीत. माझ्या शाबूत निघाल्या, म्हणून निदान चाकू तरी वाचला. नाव सांगून विकलेल्या ‘टायटॅनियम’पेक्षा जुन्या बैलबंडीच्या तिवसाच्या लाकडाची फळी कापून, घासून, तेल पाजून बसवलेली पट्टी दहापट बरी. तिला खर्च शून्य, आणि कोणी फसवतही नाही.

बिटांचं एका ओळीत सांगतो: ४५० रुपयांच्या संचातलं सिक्युरिटी बिट पहिल्याच खऱ्या स्क्रूवर टोकाला पिळलं. नागपूरला इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात हातात घेऊन, बिटावर लिहिलेला आकडा वाचून घ्या.

तक्रार केली तर विक्रेता चिडला नाही, गोड बोलला. ‘पाठवा दादा, परत घेतो, परतीच्या पिकअपचे ३५० टाका.’ टाकले. वाटलं, ९,३३० परत येत असतील तर ३५० काय. पिकअप आलंच नाही. मग त्यानं क्यूआर पाठवला, ‘हे स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल.’ तिथं मात्र मी थांबलो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. बँकेच्या शाखेत गेलो. साहेबांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, ‘पिन कोणी टाकला?’ मी टाकला. ‘मग आमचा काय संबंध?’ अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. पोच हवी म्हटल्यावर ‘शिक्केवाला सुट्टीवर आहे’. कुरिअरवाला म्हणाला, पाकीट बंद होतं, आत काय ते आम्हाला काय माहीत. ज्या अॅपवर जाहिरात होती त्यांच्याकडून यंत्राचं उत्तर आलं की ही पोस्ट आमच्या नियमांत बसते.

आणि पोलीस ठाणं! बाकावर बसवून ठेवलं. नंतर एकानं कागद वाचला आणि हसून विचारलं, ‘माल भेटला ना तुले? मंग फसवणूक कायची?’ मी तुटलेला जबडा टेबलावर ठेवला, कानशीचा चरा दाखवला, १९ भागिले ७ समजावून सांगितलं. ‘हे दिवाणी हाय, वकील कर.’ दुसरा म्हणाला, ‘सायबर हाय, जिल्ह्याले जाय.’ जिल्ह्याला विचारलं तर, ‘तुमच्या ठाण्यातून लिहून आणा.’ जीपच्या टपावर ‘सायबर सुरक्षा, तुमच्या दारी’ अशी पाटी, आणि दारातूनच माणूस परत पाठवतात. खोटी वस्तू खरी सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक स्पष्ट लिहिलेली आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं. ते कलम मी छापून नेलं होतं. कागद बाजूला सरकवला गेला. शेतकऱ्याच्या ९,६८० रुपयांसाठी कोणाला वेळ नाही. हीच रक्कम एखाद्या पुढाऱ्याच्या खिशातून गेली असती तर रात्री दहाला जीप निघाली असती.

म्हणून तुम्ही असं करा. पैसे गेल्याचं लक्षात आल्याबरोबर, विचार करत न बसता, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम काढून घेतली जाण्याआधी कळवलं तर ती अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तोच विचारतात. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लेखी टाका आणि पोच क्रमांकाचा फोटो काढा. मी आधी वस्तू खोलून पाहत बसलो आणि त्याला वेळ मिळाला. तुम्ही पार्सल फोडतानाच, पत्त्याच्या चिठ्ठीपासून वजनापर्यंत, एकसंध व्हिडिओ काढा. ड्रिल मारण्याआधी फोटो, नाहीतर ‘तुम्हीच तोडलं’ म्हणतील. ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. म्हणून निम्मे पैसे देण्याआधी पत्ता मागा, आणि पैसे टाकताना यूपीआयवर दिसणारं नाव बोलणाऱ्याच्या नावाशी जुळतं का ते पाहा. माझ्या वेळी बोलणारा एक होता, खात्यावर बाईचं नाव होतं. ‘बायकोचं खातं आहे दादा.’

तो अजून विकतोय. खातं नवीन, नाव नवीन, फोटो तेच. तिसऱ्या फोटोत पकड उघडी आहे, खाली हिरवी सतरंजी आहे, डाव्या हँडलवर आडवा चरा आहे, आणि कडेला स्क्रूच्या जागी गोल खड्डा आहे. किंमत आता ७,२०० लावली आहे.