पुरानंतर बेसमेंटमधल्या जुन्या फरशा: झाकाव्यात की काढाव्यात?

न्यू जर्सीतल्या मॅनव्हिलचं नाव जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीवरून पडलं. ॲस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, त्याचे तंतू धुळीतून श्वासात गेले तर कर्करोग होऊ शकतो. रॅरिटन नदीकाठचं हे गाव १९९९ साली फ्लॉइड वादळात बुडालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात पुन्हा बुडालं. आसपास एडिसन, ब्रिजवॉटरकडे आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यातलं एखादं १९८० च्या आधी बांधलेलं असेल, तर बेसमेंटच्या गालिच्याखाली नऊ इंची चौकोनी टाईल निघण्याची शक्यता बरीच असते. राखाडी किंवा तपकिरी रंगाची, वर संगमरवरासारखे ओघळ, आणि खाली डांबरासारखा काळा थर. ॲस्बेस्टॉस टाईलमध्ये असू शकतं, तसंच त्या काळ्या चिकटवण्यातही.

नुसतं बघून ते ओळखता येत नाही. तुटून पडलेला एखादा तुकडा पाण्याने भिजवून झिपच्या पिशवीत भरा आणि प्रयोगशाळेत पाठवा. टाईलचा आणि काळ्या थराचा नमुना वेगळा. एका नमुन्याला बहुधा शंभर डॉलरच्या आतच खर्च येतो. हात जोडून सांगते, अहवाल येईपर्यंत तिथे मोठे पंखे लावू नका, झाडू मारू नका, साधा व्हॅक्यूम फिरवू नका.

टाईल अखंड आणि घट्ट असेल तर तंतू तिच्यातच अडकून राहतात, ती नुसती असल्याने धोका नसतो. पूर आला की चित्र बदलतं. ओल खालून चढते, काळा थर सुटतो, कोपरे वर वळतात, आणि त्यावर पाय पडला की टाईल कडकन मोडते. बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर चिकटलेली आहे, पोकळ आला तर सुटलेली.

झाकायचं म्हणजे टाईल जागेवर ठेवून वर क्लिक होणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या घालायच्या. खिळे ठोकायचे नाहीत, घासकाम करायचं नाही. खर्च कमी, काम एक-दोन दिवसांचं, आणि टाईलला कोणी हात लावत नसल्यामुळे धूळही नाही. गरम पाण्याची टाकी फुटून किंवा नळ गळून एकदाच पाणी आलं असेल आणि टाईल घट्ट असतील, तर मी हाच मार्ग धरीन. फक्त काँक्रीट खरंच वाळलं आहे का ते बघा. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर पट्ट्यांखाली बुरशी धरेल.

पण नदीचं किंवा नाल्याचं पाणी आलं असेल तर ते पुन्हा येणार हे धरूनच चाला. त्या वेळी वरच्या पट्ट्या उपसाव्या लागतील आणि त्यांच्याबरोबर खालच्या टाईलही निघतील, चिखलात आणि घाईत. दोनदा पाणी शिरलेल्या घरात झाकण्याचा पैसा मला वाया गेलेला वाटतो.

तिथे काढणंच बरं. न्यू जर्सीत राज्याचं कामगार खातं ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या कंत्राटदारांना परवाना देतं, असा परवाना असलेल्यांनाच बोलवा. ती माणसं जागा प्लास्टिकने बंद करतात, हेपा म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या यंत्राने हवा बाहेर ओढतात, टाईल ओल्या ठेवून सोडवतात आणि जाड पिशव्यांत बंद करतात. हजारो डॉलर जातात आणि पुरानंतर सगळे एकदम बोलावत असल्यामुळे आठवडे थांबावंही लागतं. हाती मात्र मोकळं काँक्रीट येतं. त्यावर इपॉक्सीचा थर द्या, पुढच्या वेळी पाण्याने धुऊन काढता येतं. केंद्र सरकारच्या पूरविम्यात बेसमेंटची फरशी धरलेली नसते, तेव्हा हा खर्च खिशातून होणार हे आधीच समजून ठेवा.

तिसरा मार्ग म्हणजे शनिवार-रविवारी स्वतः खरवडून टाकणं. ओळखीच्या एका घरात हे झालं. एका हँडीमनने कापडी मास्क बांधून कोरड्या टाईल पटाशीने उचकटल्या. नंतर पहिल्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या कपाटावर बोट फिरवलं तर राखाडी रेघ उठली. ती कशाची होती ते त्या घरात कोणालाच सांगता येत नाही. वर खोलीत सहा वर्षांची मुलगी झोपत होती. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी वर येतो, म्हणजे तिच्या भरउमेदीत. साधा मास्क या तंतूंना पुरत नाही, पी-१०० गाळणीचा घट्ट बसणारा लागतो. आणि मास्क नीट असला तरी घरभर पसरलेली धूळ कोण काढणार? वाचलेले पैसे मला या एका कारणासाठी नको वाटतात.

काढणाऱ्यांना बोलावलंत तर दोन गोष्टी करारात लिहून घ्या. काम संपल्यावर हवेची चाचणी त्यांनी स्वतः न करता दुसऱ्या स्वतंत्र माणसाकडून व्हावी. आणि पिशव्या कुठे टाकल्या त्याची पावती तुमच्या हातात यावी. घर विकायला काढाल तेव्हा हे दोन कागद लागतील.