जुना असिस्टंट की नवा चॅटबॉट? स्वयंपाकघरातून सांगते

फोनला तोंडी हुकूम द्यायचे ते असिस्टंट: ॲपलची सिरी आली २०११ ला, गूगल असिस्टंट २०१६ ला, आणि २०१८ पासून तो मराठीही बोलायला लागला. आता त्या सगळ्यांच्या जागी माणसासारख्या गप्पा मारणारा एआय चॅटबॉट बसवायचं चाललंय. माझ्या जुन्या फोनवर जुना आहे, नव्यावर नवा, कुठल्या कंपनीचे ते राहू दे.

जुन्याचं काम ठरलेलं. टायमर, अलार्म, फोन लाव, टॉर्च, असले हुकूम तो ओळखतो आणि झटकन करतो. हात कणकेत बरबटलेले असताना "७ मिनिटांचा टायमर लाव" म्हटलं की लावला, विषय संपला. नव्याला हेच सांगितलं तर आधी जरा थांबतो, आणि एकदा तर चक्क "लावला" म्हणाला नि लावलाच नव्हता, बटाट्यांचा पार लगदा झाला.

पण जुन्याला जरा आडवळणाने काही विचारा, की लगेच "वेबवर हे सापडलं". नव्याला मी म्हटलं उद्या ८ पाहुणे आहेत, अर्धा किलो मटकीची मिसळ पुरेल का, तर नीट हिशोब सांगितला, वर "त्यातला एक जण कांदा खात नाही" म्हटलं तर मागचं सगळं धरून पुढे बोलला. तो भाषेचं मॉडेल ना, आधीच्या बोलण्यावरून पुढचा शब्द जुळवत जातो, म्हणूनच थापाही तितक्याच ठामपणे मारतो.

आईला मात्र नवा नकोच. "एवढं कशाला बोलतो हा, फोन लाव म्हटलं तर लाव की!"