चार्जरवर २१, बॅटरीवर १९८

आमच्या घरी यायचं तर बावीस पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. गणपतीलाही दुसरी वाट नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. जून सरता सरता जांभ्या चिऱ्यावर हिरवट साय धरते, जुलैत तिचं शेवाळ होतं आणि ऑगस्टात प्रत्येक पायरी साबण लावून ठेवल्यासारखी. दरवर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस ब्लीचिंग पावडर टाकायची आणि खराटा नि तारेचा ब्रश घेऊन वाकायचं, हा आमचा रिवाज. तीन वर्षांपूर्वी मूर्ती डोक्यावर घेऊन येणारा पुतण्या नवव्या पायरीवर घसरला. मूर्ती वाचली, त्याचं मनगट मोडलं. तेव्हापासून पाऊस लागला की माझ्या डोक्यात ती पाखाडीच असते. आता कंबरही पूर्वीसारखी वाकत नाही.

एवढं सांगितलं कारण त्या वेळी मला काहीतरी हवंच होतं. आणि मोबाईलला ते बरोबर कळलं.

जाहिरात सोळा-सतरा सेकंदांची. शेवाळलेली फरशी, हातात पिस्तुलासारखं निळं यंत्र, त्यातून पाण्याची धार आणि तिच्या मागोमाग फरशी पांढरीशुभ्र. वायर नको, नळ नको, बादलीतून पाणी ओढतं. बॅटरी १९८ व्हीएफ, दाब १२० बार, एका चार्जमध्ये ४० मिनिटं. किंमत ६,९९९ वर काट मारून १,९९९, आणि खाली उलटं चालणारं घड्याळ: ऑफर संपायला अकरा मिनिटं. पैसे पार्सल हातात आल्यावर. आमच्याकडे पाखाडीच्या खालच्या टोकाला वायर न्यायची म्हणजे शंभर फूट एक्स्टेन्शन, तेही पावसात. त्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरीचं यंत्र म्हणजे अगदी आपल्यासाठीच बनवलेलं, असं वाटलं.

आता लाजेचा भाग. मी वीज खात्यात ३१ वर्षं काढली. व्होल्ट, अँपिअर, वॉट यांच्यातच हयात गेली. ‘व्हीएफ’ हे एकक मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. थांबायला हवं होतं. मी मनाशी काय म्हटलं, तर ‘असेल काहीतरी नवीन’. हल्ली मुलांच्या फोनमध्येही रोज काहीतरी नवीन असतंच ना!

पार्सल पाचव्या दिवशी आलं. कुरियरचा मुलगा पाखाडी चढून वर आला, धापा टाकत. मी म्हटलं, जरा उघडून बघतो. तो म्हणाला, “काका, आधी पैसे. उघडलेलं पार्सल मला परत घेता येत नाही.” त्याचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं. मात्र ‘पैसे नंतर’ या शब्दांवर आपण जो विश्वास टाकतो तो इथेच निकालात निघतो. पैसे नंतर म्हणजे खोका हातात आल्यावर. आत काय आहे ते बघितल्यावर नव्हे.

खोका उघडला. प्लास्टिकची काळी पेटी, दिसायला झकास. आत यंत्र, दोन बॅटऱ्या, चार्जर, फेसाची बाटली आणि सलाईनपेक्षा थोडी जाड अशी नळी. यंत्र हातात घेतलं तेव्हाच शंका आली, कारण ते फारच हलकं होतं. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, छापील किंमत नाही. पण मंडळी जमलेली, नातू नाचतोय. बादली भरली, बॅटरी लावली आणि गेलो पाखाडीवर.

घोडा दाबला की यंत्र मिक्सरसारखं किंचाळायचं. धार येत होती, नाही असं नाही. पायरीवरची माती गेली, पालापाचोळा गेला. शेवाळाला आंघोळ घातली, बास. ते आधीपेक्षा टवटवीत दिसायला लागलं. नोझल पायरीपासून चार बोटांवर धरलं तेव्हा कुठे बोटभर रुंदीची फिकट रेघ उमटली. दीड पायरी झाली आणि यंत्र गप्प. घड्याळात बघितलं तर नऊ मिनिटं. दुसरी बॅटरी सहा मिनिटं चालली. ही पडवीतून म्हणाली, “खराटा देऊ का?”

संध्याकाळी खोलीचं दार लावून बसलो. पहिल्यांदा चार्जर उलटा केला. आणि तिथे, तांदळाएवढ्या अक्षरांत, खरं लिहिलेलं होतं: आउटपुट २१ व्होल्ट. बॅटरीच्या पाठीवर बोटभर उंचीचे १९८ आणि तिला चार्ज करणारा चार्जर २१ चा. १९८ व्होल्टची बॅटरी २१ व्होल्टच्या चार्जरनं भरायची म्हणजे विहिरीच्या तळातून टाकीत पाणी आपोआप चढण्यासारखं आहे. बॅटरी पुन्हा चार्ज करून मीटर लावला. २०.४ व्होल्ट. खोका आल्या क्षणी चार्जर बघितला असता तर दारातच कळलं असतं. कोणीही बघू शकतं, त्याला मीटर लागत नाही, चष्मा लागतो.

मग मी बॅटरी उघडली. तुम्ही उघडू नका. लिथियमचे सेल असतात, स्क्रू ड्रायव्हर भलत्या जागी टेकला तर पेट घेतात. आतमध्ये दहा सेलची जागा होती आणि सेल होते पाच. उरलेली पाच घरं रिकामी. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, एकामागे एक पाच जोडलेले, म्हणजे १८ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ धरले तर २१. सेलवर १५०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे दीड अँपिअर-तास छापलेलं. ते खरं धरलं तरी १८ गुणिले दीड, म्हणजे २७ वॉट-तास. ही त्या बॅटरीची सगळी कमाई.

याच्या समोर जाहिरात ठेवून बघू. पाण्याच्या यंत्राला किती ताकद लागते याचा हिशोब अवघड नाही. दाब बारमध्ये घ्यायचा, मिनिटाला किती लिटर पाणी पडतं त्यानं गुणायचं आणि ६०० नं भागायचं. उत्तर किलोवॉटमध्ये येतं. १२० बार आणि मिनिटाला सहा लिटर धरलं तर १.२ किलोवॉट. म्हणूनच गाड्या धुण्याच्या वायरवाल्या यंत्रांवर बाराशे, चौदाशे, अठराशे वॉट असे आकडे असतात. तेवढी ताकद ४० मिनिटं द्यायची तर ८०० वॉट-तास लागतील. माझ्यासारख्या तीस बॅटऱ्या. घरातली इन्व्हर्टरची बॅटरी, १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची, जी दोघांनी मिळून उचलावी लागते, तिच्यात १,८०० वॉट-तास असतात. म्हणजे जाहिरातीतला दावा खरा असता तर त्या पिस्तुलाच्या मुठीत जवळजवळ अर्धी इन्व्हर्टर बॅटरी बसवावी लागली असती.

आणि माझ्या यंत्राचा खरा दाब? दहा लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. २७ वॉट-तास नऊ मिनिटांत संपले, म्हणजे साधारण १८० वॉट. त्यातले निम्मे तरी मोटार आणि पंपात जाणार. उरलेल्यावर हिशोब केला तर वीस-बावीस बारच्या पुढे गाडी जात नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नावाजलेल्या कंपन्यांची बॅटरीवरची हातातली यंत्रंही साधारण याच पट्टीतली असतात, वीस-पंचवीस बारची. फरक इतकाच की ते आकडे खोक्यावर लपवत नाहीत. मोटारसायकलचा चिखल, खिडकीच्या जाळ्या, कूलरची जाळी यांना तेवढं पुरतं. जांभ्यावरच्या शेवाळाला नाही. म्हणजे चार पट पैसे देऊन चांगलं यंत्र घेतलं असतं तरी माझी पाखाडी साफ झाली नसती. ही चूक त्या भामट्याची नाही, माझी.

पैसे परत मागण्याचा प्रकार तर निराळाच. वेबसाइटवर पत्ता नव्हता, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव नव्हतं. खरं तर ऑनलाइन विकणाऱ्यानं ते द्यायलाच हवं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. होता फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. मी मराठीत लिहिलं, उत्तर हिंदीत आलं: “सर जी, पार्सल खोलने का व्हिडिओ भेजो.” व्हिडिओ कुठला असणार? मग म्हणाला, पाच तारे दिलेत तर दोनशे रुपये परत करतो. पळत्या चोराची लंगोटी म्हणून मोह झाला, पण म्हटलं, माझ्या पाच ताऱ्यांवर आणखी दहा जण फसतील. नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

आणि मग मी दुसऱ्यांदा फसत होतो. कुरियर कंपनीचा ग्राहक सेवा नंबर मोबाईलवर शोधला आणि पहिला जो दिसला तो लावला. समोरचा माणूस इतका गोड बोलला की मला गहिवरून आलं. तक्रार नोंदवायला पाच रुपये भरा म्हणाला, एक लिंक पाठवली आणि मग एक अ‍ॅप उतरवून घ्या म्हणाला, म्हणजे पैसे थेट खात्यात जमा करता येतील. मी उतरवायला घेतलंच होतं. सून भाजी निवडत बसली होती. तिनं काही न बोलता हातातून फोन काढून घेतला आणि कॉल बंद केला. मग म्हणाली, “बाबा, पैसे द्यायला पिन लागतो. घ्यायला काही लागत नाही.” मला चिडायचं होतं, पण शब्द सापडला नाही. तो नंबर कंपनीचा नव्हताच. एका जागी गंडलेला माणूस दुसरीकडे धावतो, आणि तिथेही कोणीतरी जाळं टाकून बसलेलं असतं.

शेवटी १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं, नीट ऐकून घेतात, तक्रारीचा क्रमांकही मिळाला. पण ते कंपनीला कळवणार, आणि कंपनी कुठे आहे? पार्सलवरच्या पट्टीवर पाठवणाऱ्याच्या जागी एका गोदामाचं नाव होतं. गोदाम म्हणालं, आम्ही फक्त माल पुढे पाठवतो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो तिथेच करता येते, दोन वर्षांची मुदत असते. पण विरुद्ध बाजूला कोणाचं नाव घालायचं? सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी उत्तम, लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. मी रोख दिले होते. रोखीला वाटच नसते. सुरक्षित म्हणून जे निवडलं त्यानंच दोर कापला.

पुन्हा असं यंत्र घ्यायची वेळ आली तर मी काय बघेन? बार आणि लिटर हे दोन आकडे सोबत दिलेत का. नुसता दाब सांगणारा अर्धंच सांगतोय. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेत का. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे तिच्यावर आयएस १६०४६ आणि ‘आर’नं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो शोधेन. सुटी बॅटरी वेगळी विकत मिळते का आणि दुरुस्ती जिल्ह्यात कुठे होते, हे दुकानदाराला विचारेन. आणि दुकानातच बादली मागून यंत्र चालवून बघेन. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

पाखाडीचं म्हणाल तर शेवटी ब्लीचिंग पावडर आणि ब्रश. बाजारातल्या गाडी धुण्याच्या सेंटरवाल्यानं त्याचं मोठं यंत्र आणायची तयारी दाखवली होती, पण पहिल्याच पायरीवर चिऱ्यांमधल्या दरजा उखडायला लागल्या. जांभा मऊ, त्याला एवढा मारा सोसत नाही. थांबवलं.

हे सगळं मी कोणाला सांगणार नव्हतो. वीज खात्यातला माणूस व्होल्टवरून फसला, हे ऐकून वाडीनं वर्षभर करमणूक केली असती. पण विसर्जनाच्या आदल्या रात्री शेजारचे अण्णा भजनाला आले होते, चहा घेताना तोंडातून निघून गेलं. अण्णा हसतील म्हणून मी तयारीत होतो. ते कप खाली ठेवून गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “माझा माळ्यावर आहे. मे महिन्यापासून. घरी सांगितलेलं नाही.” दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीतल्या दुकानदाराकडे तिसरा निघाला.

तिन्ही पेट्या आमच्या पडवीत शेजारी शेजारी ठेवल्या. रंग वेगळे, नावं वेगळी, किंमत वेगळी. अण्णांच्या बॅटरीवर ४८ व्हीएफ, दुकानदाराच्या बॅटरीवर ९८, माझ्या १९८. माझी बॅटरी अण्णांच्या यंत्राला लावली, खटकन बसली. अण्णांची दुकानदाराच्या यंत्राला, तीही बसली. मग नातवानं भिंग आणलं आणि तिन्ही चार्जर उलटे करून मोठ्यांदा वाचले. एकवीस, एकवीस, एकवीस.