पत्र्याच्या जिनिंगला लिफ्टचा अहवाल

बंद पडलेली जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना), जुनी दालमिल किंवा रस्त्याकाठचं गोदाम विकत घेऊन तिथं रुग्णवाहिकेचं केंद्र करायचं कुणाच्या मनात असेल, तर बयाणा देण्याआधी हे वाचून घ्या. आमच्या संस्थेचे पैसे अशाच व्यवहारात अडकले. इमारत होती, मालक होता, सातबाऱ्यावर त्याचं नावही होतं. खोटा होता तो इमारत तपासल्याचा कागद, आणि सगळा सौदा त्या कागदावर उभा केलेला होता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. मोठा दवाखाना म्हणजे यवतमाळ, नाहीतर सेवाग्राम-सावंगी. पेरणी-डवरणीच्या दिवसांत सर्पदंश आणि फवारणीच्या दिवसांत विषबाधा हे आमच्याकडे ठरलेलं. 2017 साली फवारणीनं या जिल्ह्यातले किती कास्तकार दवाखान्यात पोचले आणि किती परत आलेच नाहीत, ते इथं कुणी विसरलेलं नाही. 108 ची गाडी 2014 पासून धावते आहे, तिचे उपकार आहेत. पण ती एकाला घेऊन गेली की दुसऱ्यानं वाट बघायची. म्हणून आसपासच्या गावांनी वर्गणी केली, पुण्या-मुंबईला नोकरीत असलेल्या पोरांनी भर घातली आणि गाडी आली. मग प्रश्न उरला जागेचा. चालकानं रात्री झोपायचं कुठं, ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवायचे कुठं, रक्त सांडलेली गाडी धुवायची कुठं?

तालुक्याला प्लॉटचे व्यवहार करणाऱ्या एका दलालानं ही जिनिंग दाखवली. आमच्या भागात अशा जिनिंगा जागोजागी पडून आहेत. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, नव्या यंत्रांच्या जिनिंगा उभ्या राहिल्या आणि जुन्यांना त्यांच्याशी बरोबरी करता येईना. ही त्यातलीच एक. रस्त्याला लागून आवार, भिंतीचं कंपाउंड, विहीर, लोखंडी कैच्यांवर लांबच लांब पत्र्याचं छप्पर. भाव आसपासच्या दरापेक्षा बराच कमी.

आता दलालाची हुशारी बघा. त्यानं इमारतीचं कौतुक केलंच नाही. उलट म्हणाला, "मी म्हणतो म्हणून घेऊ नका. संस्थेचा पैसा आहे. इंजिनिअरकडून तपासून घ्या, अहवाल हाती आल्यावरच बयाणा द्या." असं बोलणाऱ्या दलालावर कोण संशय घेईल? इंजिनिअरची तीन नावंही त्यानंच दिली, "तुम्हाला पटेल तो निवडा" म्हणून. पहिल्याचा फोन कायम बंद. दुसऱ्यानं दीड लाख सांगितले. तिसरा पंचेचाळीस हजारांत तयार होता आणि त्याच आठवड्यात येतो म्हणाला. निवड आमची, असं कागदोपत्री दिसत होतं. तिन्ही नावं एकाच खिशातली होती हे नंतर कळलं. दीड लाखवाला आणि पंचेचाळीस हजारवाला एकाच कार्यालयात बसत होते.

तिसरा आला तो पेटीभर यंत्रं घेऊन. पिस्तुलासारखा एक हातोडा भिंतीवर दाबायचा, टक्‌ आवाज व्हायचा, सोबतचा मुलगा आकडा टिपायचा. जेवणाच्या आत काम आटोपलं. काही दिवसांनी जाडजूड अहवाल आला. रंगीत फोटो, तक्ते, आलेख, गोल शिक्का. निष्कर्ष असा की इमारत सुस्थितीत आहे, रुग्णवाहिका केंद्रासाठी योग्य आहे, पुढील 25 वर्षे मोठ्या दुरुस्तीची गरज नाही. बयाणा ठरला आठ लाख. पाच लाखांचा धनादेश, तीन लाख रोख, कारण "मालकाला घरात वाटणी करायची आहे."

खरेदीची तारीख ठरायच्या आत आमच्या एका देणगीदार बाई गावी आल्या. बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या. आम्ही मोठ्या कौतुकानं अहवाल त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि विचारलं, "यातली लिफ्ट कुठं आहे?"

बावीसाव्या पानावर खरंच लिहिलं होतं: लिफ्टच्या खोलीच्या स्लॅबला किरकोळ गळती, वॉटरप्रूफिंगची शिफारस. आमच्या जिनिंगला लिफ्ट सोडा, स्लॅबच नाही. वर पत्रे. पुढं चोवीस कॉलमचा, म्हणजे काँक्रीटच्या खांबांचा तक्ता, प्रत्येकापुढं हातोड्याचा आकडा आणि काँक्रीटची प्रत एम-20. ताई म्हणाल्या, "एक तरी कॉलम दाखवा मला." भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या, वरच्या कैच्या लोखंडी. कुठल्या तरी शहरातल्या चार मजली इमारतीचा अहवाल घेऊन त्यात आमच्या जिनिंगचे फोटो चिकटवले होते.

हातोड्याची ती चाचणी खरी आहे, पण कुठं वापरायची याला नियम आहे. हातोडा काँक्रीटवर आपटून परत किती उसळतो ते मोजतो, त्यावरून पृष्ठभागाच्या कडकपणाचा अंदाज येतो. त्यासाठी आधी प्लॅस्टर काढून काँक्रीट उघडं करून घासावं लागतं. सगळं नीट केलं तरी त्यावरून काढलेल्या ताकदीत 25 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून जबाबदार माणूस सोबत ध्वनिलहरींची चाचणी घेतो, शंका आली तर नमुन्याचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतो. आमच्याकडं प्लॅस्टर एका जागीही खरवडलेलं नव्हतं. चुन्याच्या भिंतीवरच्या गिलाव्याला हातोडा मारून काँक्रीटची प्रत काढणं म्हणजे निव्वळ नाटक. तपासणी झाल्यावर भिंती आधीसारख्याच गुळगुळीत असतील, तर तपासणी झालीच नाही असं समजा. खऱ्या तपासणीनंतर घर थोडं तरी विद्रूप दिसतंच.

जमिनीबद्दल अहवालात होतं "कठीण मुरूम". हे वाचून कोतवालही हसला. इथली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगून वर येते. पाया तिच्याबरोबर हलतो, म्हणून खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे निघतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी कंद असलेले पाइल काढले. पण ते नव्या बांधकामासाठी, जुन्या जिनिंगला कुठून असणार? आम्ही इमारत पाहिली ती मे महिन्यात, आतून-बाहेरून ताजी चुनखडी मारलेली. ताईंनी नखानं एक रेघ खरवडली तर आत तडा बुजवायला भरलेली सिमेंटची ओली-सुकी लांबी (पुट्टी), खिडकीपासून थेट जोत्यापर्यंत. त्यांनी तड्यांवर काचेच्या पट्ट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं बसवल्या आणि तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते, एवढी साधी युक्ती. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले आणि उत्तरेच्या भिंतीवरच्या पट्ट्या तडकल्या. काळ्या मातीवरची इमारत एका ऋतूत बघून घेऊ नये, हे आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला माहीत असतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

पण खरा धोका फरशीखाली होता, आणि तो सांगितला त्याच जिनिंगमध्ये जन्म काढलेल्या एका काकाजींनी. गाडी कुठं लावायची याची आखणी चालली होती, तर ते दारातूनच ओरडले, "तिथी नोका लावू भाऊ! प्रेसचा खड्डा होये तो. गठाण बांधाच्या वक्ती आमी खाली उतरो." 170 किलोची गठाण दाबणाऱ्या प्रेसला खाली खोल खड्डा लागतो. यंत्र भंगारात गेलं की खड्डा उरतो. इथं तो विटांचे तुकडे, जुने बारदान आणि हाताला लागेल त्यानं भरून वर तीन बोटं काँक्रीट ओतलं होतं. सब्बल (पहार) आपटली तर आवाज मडक्यासारखा पोकळ. कोपरा फोडला, तर भराव खाली बसून मध्ये हातभर पोकळी. रुग्ण, माणसं, सिलिंडर धरून साडेतीन-चार टनांची गाडी रात्री घाईत मागं घेतली असती, तर मागची चाकं आत गेली असती. अहवालात फरशीला "उत्तम" म्हटलं होतं.

बाकीच्या गोष्टी तर यंत्राशिवाय दिसण्यासारख्या होत्या. आमची गाडी टपावरच्या दिव्यासकट पावणेनऊ फूट, दाराची तुळई सव्वाआठ. कैच्यांवर आणि कोपऱ्यांत जुन्या कापसाची किनकीन, म्हणजे बारीक तंतू साचलेले, यंत्रांखालची फरशी तेलानं काळी झालेली. ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ तेल-ग्रीस असणं म्हणजे आगीला आमंत्रण. वर किनकीन असेल तर विचारूच नका. छपराचे काही पत्रे जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, काही फुटलेले. फुटलेल्या पत्र्याची धूळ फुप्फुसाला घातक, आणि त्याखाली आम्ही आजारी माणसं उतरवणार होतो. केंद्रासाठी तपासणी करणारा माणूस गाडीची उंचीच विचारत नाही, यातच सगळं आलं. तुम्ही साधी गोष्ट करा: गाडीच घेऊन जा. आत घाला, वळवा, बाहेर काढा.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ही लबाडी नवी नाही. सातबाऱ्यावर बोजा दिसत नव्हता. पण मूळ खरेदीखत कधी समोर आलंच नाही, "नागपूरच्या लॉकरमध्ये आहे" म्हणून झेरॉक्सच दाखवायचे. ते लॉकरमध्ये नव्हतं, बँकेकडं होतं. मूळ कागद ठेवून कर्ज उचललं असेल तर ते सातबाऱ्यावर येईलच असं नाही. सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून कुणालाही शोध घेता येतो. आमच्या वकिलांनी तो घेतला आणि गहाण समोर आलं. विजेचंही तसंच. "तीन-फेजची लाइन आहे" म्हणजे खांब होता. जोडणी कायमची खंडित आणि जुनी थकबाकी डोक्यावर. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या ग्राहकाची थकबाकी त्याच जागेच्या नव्या मालकाकडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये सांगितलेलं आहे. ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी आधीच काढा.

पैसे मागायला गेलो तेव्हा खेळ पूर्ण उलगडला. इंजिनिअरनं अहवालाचं शेवटचं पान काढलं. बारीक अक्षरात तिथं होतं: "सदर अहवाल केवळ दृश्य पाहणीवर आधारित असून खरेदीच्या निर्णयास सल्लागार जबाबदार नाही." दलाल म्हणाला, मी तर तपासूनच घ्या म्हटलं होतं, साक्षीदार आहेत. मालकानं इसारपावतीतलं कलम दाखवलं: खरेदी न झाल्यास बयाणा जप्त. तिघंही आपापल्या कागदामागं लपले आणि प्रत्येकाचा कागद वेगवेगळा पाहिला तर रीतसर होता.

ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं ते नेहमीचं, ही दिवाणी बाब आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणूक आता कलम 318 खाली येते, लोक अजून चारशेवीसच म्हणतात. बावीसावं पान आणि चोवीस कॉलमचा तक्ता जिनिंगच्या फोटोंशेजारी ठेवून वरिष्ठांकडं लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठं चौकशी सुरू झाली. मालकावर मात्र वकिलांनी वेगळा दाब आणला. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55: साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला दिसणार नाही असा मोठा दोष, मग तो मालमत्तेतला असो की मालकी हक्कातला, विकणाऱ्याला माहीत असेल तर त्यानं तो उघड केला पाहिजे. बुजवलेला खड्डा आणि बँकेचं गहाण दोन्ही त्यात बसले. नोटीस गेल्यावर धनादेशाचे पाच लाख हप्त्यांनी परत आले. रोख तीन लाखांचा कुणी उच्चारही करत नाही. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात 20 हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं ते घेतल्याचं मालक मान्य करणार नाही, आणि पावतीही नाही. अहवालाचे पंचेचाळीस हजार गेले ते गेलेच. या रकमेत शंभर-शंभर रुपये देणाऱ्या मजुरांच्या वर्गण्या आहेत, हे लिहिताना राग येतो.

गाडी सध्या ग्रामपंचायतीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी असते. चालकाला शाळेमागची एक खोली मिळाली आहे. नव्या जागेसाठी ताईंनी अट घातली आहे: तपासणारा विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, फी संस्थेनं थेट द्यायची, आणि फरशी चार ठिकाणी फोडायची परवानगी मालकानं आधी लेखी द्यायची. या शेवटच्या अटीवर दोन मालक आल्या पावली परत गेले.

त्या जिनिंगला पुन्हा चुना लागला आहे. सोयाबीनचं गोदाम म्हणून ती दाखवली जाते, असं कानावर आलं. अहवालही तोच आहे म्हणे, फक्त पहिलं पान बदललेलं. तुमच्यापुढं असा अहवाल आला तर निष्कर्ष वाचण्याआधी बावीसावं पान उघडा, आणि जागेवर जाताना सब्बल सोबत ठेवा. खड्डा दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या कोपऱ्यात आहे.