पंधरा वर्षांची गाडी पासिंगला नापास: खर्च करायचा की मोडीत काढायची?

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या नात्यातल्या दोन गाड्या एकाच आठवड्यात रिपासिंगला नापास झाल्या. एक माझी, वेळणेश्वरला समुद्राच्या वाऱ्यावर पंधरा पावसाळे काढलेली. दुसरी माझ्या मेव्हण्याची, देवरुखची. दोन्ही एमएच ०८ (रत्नागिरी), दोन्ही एकाच मॉडेलच्या, हजार सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्या, मे २०१० च्या. माझी जेमतेम ५२ हजार किलोमीटर फिरलेली. त्याची १ लाख ७० हजार. आज त्याची गाडी रस्त्यावर आहे आणि माझी मोडीत गेली.

“भावोजी, तुमची तर अजून नवीच होती हो,” असं तो अधूनमधून ऐकवतो. पण दोन्ही गाड्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला की कोकणपट्टीत हा निर्णय कसा घ्यायचा ते दिसतं. किलोमीटर आणि इंजिन नंतर बघा, आधी बुडाखालचा पत्रा बघा.

कागदाचा खर्च दोघांनाही सारखाच होता. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यायची. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. कारला फी ५,००० रुपये. पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर २०२५ मध्ये ३,००० होता, डिझेलला ३,५००. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नसेल तर तिचे ७४५ अधिक जीएसटी. पीयूसी आणि विमा चालू हवा, थकलेली चलनं भरलेली हवीत. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणजे गाडीला पान्हा लावायच्या आधीच नऊ हजारांच्या आसपास गेले. आणि २० वर्षं ओलांडलेल्या कारला हीच फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली आहे, तेव्हा “आत्ता करतो, पुढच्या वेळीही करीन” म्हणणाऱ्यांनी तोही आकडा धरावा. दिल्ली परिसरातला दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा निर्बंध आपल्याकडे नाही. गाडी पास होत असेल तर वापरता येते.

मेव्हण्याच्या गाडीचे शेरे लांबलचक होते. पुढचे दोन टायर गुळगुळीत (खोबणी १.६ मिलिमीटर तरी लागते), हँडब्रेक उतारावर धरत नाही, एक हेडलाइट मंद, मागच्या काचेवर जुनी काळी फिल्म, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. पीयूसी तर त्याआधीच दोनदा अडलं होतं. माझ्या गाडीला दोनच शेरे. खालचा पत्रा गंजलेला, आणि चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) वाचता येत नाही.

कागद बघून मी त्याची कीव केली होती.

माझ्या गाडीचं काय झालं ते नीट सांगतो. निरीक्षकाने बॉनेट उघडलं नाही की एक्सिलेटर दाबून बघितला नाही. पुढच्या चाकामागे गुडघा टेकून बसले आणि दाराखालचा जो आडवा पत्र्याचा डबा असतो, ज्याला डेंटर (पत्र्याचं काम करणारे) ‘सिल’ म्हणतात, त्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. टणटण आवाज यायला हवा, तो फदफद आला. मग टोक टेकवून नुसतं दाबलं. खारी बिस्किटात बोट जावं तसं ते आत गेलं, आणि खाली लाल भुकटीचा छोटासा ढीग पडला. नंतर त्यांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. सुरुवातीची अक्षरं उठली, शेवटचे तीन आकडे नुसते खड्डे. आठ आहे की तीन, त्यांनाही कळेना, मलाही.

आता गंमत बघा. कमी फिरल्यामुळेच माझ्या गाडीचा पत्रा गेला. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेलं मीठ स्वतःच विरघळून पाणी होतं. आपल्याकडे किनाऱ्यावर पावसाळाभर तेवढी आर्द्रता असतेच. त्यात जांभ्याची लाल माती. ती चाकाच्या कमानीतून आत जाते, सिलच्या खालची पाणी निघून जायची भोकं बुजवते, आणि तो डबा आतून कायम ओला राहतो. गाडी रोज पळाली तर वाऱ्याने, सायलेन्सरच्या उष्णतेने काही तरी सुकतं. माझी आठवडा आठवडा उभी. वर मी मायेने प्लास्टिकचं कव्हर घालत होतो, म्हणजे सादळलेला डबा झाकण लावून ठेवावा तसं. दाभोळ-धोपावेच्या जंगलजेट्टीवरून (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवरून) उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून गेली की घरी येऊन बुडाखाली गोडं पाणी मारावं, हे मला माहीत होतं. केलं कधीच नाही.

देवरुखची गाडी समुद्रापासून लांब. रोज बाजार, शाळा, साखरपा. झिजली, पण सडली नाही.

म्हणून नापासाचा कागद हातात आला की शेरे मोजू नका, दोन ढिगात वाटा. टायर, ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, पीयूसी, फिल्म, सायलेन्सर हा एक ढीग: वस्तू बदलली की विषय संपला. सिल, फ्लोअर, शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बसतो ती जागा, पुढच्या चाकाचा लोअर आर्म धरणारा क्रॉस मेंबर (बुडाखालचा आडवा दांडा), मागचा एक्सल जिथे अडकतो ती जागा, हा दुसरा. या दुसऱ्या ढिगात सगळं सारखं नाही. फ्लोअरला रुपयाएवढं भोक पडलं तर ठिगळ लावता येतं. सस्पेन्शनचा आधारच मऊ पडला असेल तर ठिगळ कशाला जोडणार? चांगला पत्राच उरलेला नसतो.

खर्चाचं बोलू. मेव्हण्याच्या गाडीची कामं त्याने गावातल्या मेस्त्रीकडे केली. दोन टायर, पुढचे ब्रेक पॅड, डावीकडच्या चाकाचा जाम झालेला कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग (गाडी ओढण्याचं कारण तेच; काही गाड्यांत अलाइनमेंटही असते), हँडब्रेकची गंजलेली केबल, हेडलाइटचा सेट. फिल्म घरीच खरवडून काढली. पीयूसीचं प्रकरण सगळ्यात स्वस्तात सुटलं. २०१० ची आपल्याकडची गाडी बीएस ३ (भारत स्टेज ३ या प्रदूषण मानकाची) असेल तर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली, आणि गाडी वीस किलोमीटर फिरवून इंजिन गरम असतानाच मशीनवर नेली. आधी दोन्ही वेळा तो घराजवळच्या सेंटरवर थंड गाडी घेऊन गेला होता! सगळं मिळून १९ हजार आणि काही सुटे. सरकारी खर्च धरून २८ हजार, पाच वर्षांसाठी.

माझ्या गाडीला दोन अंदाज मिळाले. किनाऱ्यावरच्या डेंटरने ४० हजार सांगितले: दोन्ही सिल, पुढचा फ्लोअर, क्रॉस मेंबर जुन्या बाजारातून. कंपनीच्या वर्कशॉपने गाडी रॅम्पवर घेतली, बघितली, आणि क्रॉस मेंबर नवा घालू पण फ्लोअरला वेल्डिंग आम्ही करत नाही म्हणून सांगितलं.

इथे गॅरेज की कंपनी हा वाद येतोच. माझं मत सरळ आहे. पत्र्याला डेंटर, ब्रेक-स्टिअरिंग आणि सेन्सरला कंपनी किंवा चांगला मेस्त्री. दोन्ही कामं एकाच ठिकाणी द्यायचा आग्रह नको. कंपनीत पार्टची खात्री आणि बिल मिळतं, पण तिथे तुकडा कापून तुकडा जोडत नाहीत, अख्खा भाग बदलतात, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत तो हिशेब बसत नाही. डेंटरकडे गेलात तर तीन गोष्टी विचारा. वेल्डिंग सीओटूचं करतोस की गॅसचं? गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो. गॅसने तो तापून वेडावाकडा होतो. सडलेला पत्रा कापून काढणार की त्याच्यावरच नवा ठोकणार? आणि सिलच्या आत काय मारणार? बाहेरून रंग सगळेच मारतात, गंज आतून येतो. आत मेणासारखं कोटिंग फवारलं नाही तर तीन पावसाळ्यांत पुन्हा तिथेच. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, पेट्रोलच्या टाकीजवळचं काम असेल तर टाकी उतरवायला.

“खाली काळं मारून आणा, पास होईल,” असं मला आरटीओच्या गेटबाहेर एकाने सुचवलं. गंजावर काळं कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आणखी वेगाने जातो. शिवाय स्क्रूड्रायव्हरला काळं-पांढरं कळत नाही. पुट्टी भरून गुळगुळीत केलेल्या सिलचीही तीच गत.

चेसिस नंबर हे आपल्याकडचं खास दुखणं. नंबर पुसट असेल तर डेंटरला तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. आरटीओच्या लेखी परवानगीनेच नंबर पुन्हा पंच करून घेता येतो. परस्पर खोदलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. हात फिरवून आजच बघा, आणि शाबूत असेल तर वर ग्रीसचा पातळ थर द्या. एवढ्याशा कामाने माझा अर्धा वैताग वाचला असता.

विकण्याचा पर्याय मीही चाचपला. घाटावरच्या गिऱ्हाइकाला आपल्या गाड्या ठाऊक असतात. कोल्हापूरहून आलेल्या माणसाने गाडीला फेरी मारली नाही, थेट खाली वाकला. आपणही जुनी गाडी घेताना “घाटावरची बघा” म्हणतोच की. नापास गाडीला त्याने जो भाव सांगितला तो मोडीपेक्षा चार हजारांनी जास्त होता, पण “नावावर नंतर करू” या अटीवर. ते नको. विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत देणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि आरसी (नोंदणीपत्र) तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येते. मेव्हण्याच्या गाडीसारखी सुदृढ पत्र्याची गाडी असेल तर मात्र आधी पास करून मग विका. पाच वर्षं पासिंग असलेल्या गाडीला भाव वेगळा मिळतो.

गावातल्या भंगारवाल्याला रोखीने देणं हे त्याहून वाईट. तो गाडी तोडतो, पण नोंदणी जिवंत राहते.

नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडे गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला ती २५ टक्क्यांपर्यंत देता येते, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं. गाडीची किंमत साधारण वजनावर ठरते. २०२१ च्या धोरणात ती नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली आहे. मला गाडी उचलून न्यायचा खर्च वजा जाता २१ हजार मिळाले. ४० हजार घालून, वर नऊ हजार सरकारी भरून, तरी पुढच्या पाच वर्षांत शॉकॲब्सॉर्बरची जागा टिकेल याची हमी कोणी देत नव्हतं, डेंटर प्रामाणिक होता, त्यानेच सांगितलं, “काका, पत्रा पापड झालाय, मी पैसे घेईन पण तुम्ही शिव्या द्याल.”

तुमचं प्रकरण मधलं असेल, म्हणजे सिल गेलेलं पण सस्पेन्शनच्या जागा टणक, तर मी दुरुस्तीच्या बाजूने. फक्त वेळ पाळा. पत्र्याचं काम दिवाळीनंतर ते मे या काळातच. जूनमध्ये उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस साय धरते आणि प्रायमर तिच्यावरच बसतो. गणपतीच्या आधीचा महिना तर विसराच. मुंबईकर येण्याआधी प्रत्येकाला गाडी हवी असते आणि मेस्त्री फोनही उचलत नाही. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर काम आधीच्या उन्हाळ्यात करून ठेवा. मुदत संपलेली गाडी “जरा जवळच” म्हणून बाहेर काढू नका, विमा कंपनीला क्लेम नाकारायला तेवढं पुरतं.

माझ्या गाडीचे दोन टायर आणि बॅटरी वर्षाच्याच होत्या. स्क्रॅप केंद्राला आधी विचारलं, त्यांनी त्याबद्दल किमतीतून थोडे कापले, तरी नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडले. आता ते देवरुखच्या गाडीला मागे लागलेत.